चिंचटोल्याची रिकामी आतडी

५ ऑक्टोबर १९८६, कुरखेडा

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी प्रयोगवही तपासून नागपूरहून परत पाठवली. बाराव्या पानावर लाल शाईत लिहिलंय, 'इथे मनातलं लिहू नये.' मी तिथे एवढंच लिहिलं होतं की आज जंत माझ्यापेक्षा उत्साही आहेत. खरं तेच लिहिलं होतं. असो. मनातल्यासाठी ही दुसरी वही आणली. ही कुणी तपासणार नाही.

नवी वही आहे तर एकदा विषयही नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे निदान मला तरी पटेल की मी वेडा नव्हतो. इकडच्या बाया पोटात जंत झालेल्या पोरांना पळसाच्या बिया वाटून गुळातून देतात. त्याने जंत खरंच मरतात का, हे मला दाखवायचं आहे. नथ्थूभाऊच्या दुकानात कोंबड्या कापल्या जातात. त्यांची आतडी मी आणतो, चिरतो, जिवंत जंत वेचून कोमट मिठाच्या पाण्यात सोडतो, त्यात बियांचा अर्क घालतो आणि घड्याळ घेऊन बसतो. वळवळ किती वेळात थांबते ते लिहायचं. शाळेमागच्या भांडारखोलीत एक स्टोव्ह, सहा काचेच्या बशा आणि मी, अशी ही प्रयोगशाळा अडीच वर्षं चालू आहे. फेब्रुवारीअखेर काही निघालं नाही तर विषय बंद, असं सरांनी स्पष्ट सांगितलंय.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, पण गावात मला किडेवाले मास्तर म्हणतात. जेवायला कुणी बोलावत नाही. आधी खोब्रागडे हे आडनाव सांगितलं की आमंत्रण दाराशीच थांबायचं. आता हाताला आतड्यांचा वासही असतो, म्हणजे लोकांचं काम सोपं झालं.

११ ऑक्टोबर

आज बाजार. बिया संपल्या होत्या, बायनाबाईकडून घेतल्या. चिंचटोल्याची म्हातारी. दहा किलोमीटर पायी येते, डोक्यावर कोंबड्यांचं डालगं, कमरेला बियांची पिशवी. माप भरून झालं की वर एक मूठ टाकते आणि दर वेळी विचारते, "मास्तर, जेवले का?" मी दर वेळी हो म्हणतो. आज खोटंच म्हणालो.

बिया देताना म्हणाली, "पोराईलेच नाई, आमी कोंबड्याईले बी देतो."

"कोंबड्यांना कशाला?"

"अवसेले देतो. बी वाटाची, रातभर ताकात भिजवाची, पहाटं तांदळाच्या कनकीत कालवाची. खुराडं उघडलं का पयले तेच टाकाचं. मंग सोडाचे."

"कुणी सांगितलं असं?"

"माह्या सासूनं. तिले तिच्या सासूनं. साऱ्या गावात देतेत."

अवस, पहाट, सासू. हे प्रबंधात घातलं तर सर लाल शाईची बाटलीच ओततील. तरी मी ऐकत उभा राहिलो, कारण ती बोलत होती आणि मला खोलीवर जायची घाई नव्हती.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो नाही. बाबा घुग्घुसहून कोळसा खाणीतल्या मंडळींबरोबर गेले असणार, मला गर्दीत शोधलं असणार. मी इथे बशीत चार जंत जिवंत होते म्हणून थांबलो. ते बारा तासांनी आपोआप मेले. अर्काने नव्हे, कंटाळ्याने.

१८ ऑक्टोबर

नथ्थूभाऊने पाच आतडी बाजूला ठेवली होती. मी त्याला सांगून ठेवलंय की कोंबडी कुठल्या गावची ते विचारून ठेवत जा. ही पाचही चिंचटोल्याची. दोन तास चिरत बसलो, एकही जंत नाही. दिवस फुकट. प्रयोगवहीत काही लिहिलं नाही; जंतच नाहीत तर लिहायचं काय?

२६ ऑक्टोबर

गेवर्ध्याकडच्या दोन कोंबड्यांत मिळून एकतीस जंत सापडले. काय आनंद झाला! असा आनंद ज्याला सांगता येईल असं एकही माणूस या तालुक्यात नाही.

आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. स्पिरिटमध्ये उकळून काढलेला अर्क घातला, नऊ तास बसलो. अर्कातले जंत आणि साध्या मिठाच्या पाण्यातले जंत सारखेच वळवळत राहिले. बाजारातलं इंग्रजी औषध घातलेल्या बशीतले मात्र तासाभरात गार. सरांना काय कळवू?

८ नोव्हेंबर

पुन्हा चिंचटोला. चार आतडी, जंत नाही. नथ्थूभाऊ कौतुकाने म्हणतो, "मास्तर, आज तुमच्यासाठी खास ठेवले." त्याला काय सांगणार? हात धुतले, साबण संपला.

१५ नोव्हेंबर

सात आतडी, सगळी चिंचटोल्याची, जंत एकही नाही. फुकटची मेहनत. त्या गावच्या कोंबड्या खातात तरी काय कोण जाणे.

बाजारात बायनाबाई आली होती. आज मी खरंच जेवलो नव्हतो आणि तसं सांगितलं. तिने पदराच्या गाठीतले फुटाणे काढून दिले. आठवड्याभरात माझ्याशी कामाशिवाय बोललेलं तेवढं एकच माणूस.

१६ नोव्हेंबर, रविवार

शाळेला सुट्टी. सकाळपासून एक शब्द बोललो नाही. दुपारी वाटलं आवाज बसला की काय, म्हणून शाळेमागच्या विहिरीत वाकून स्वतःचंच नाव घेऊन पाहिलं. 'श्रावण.' आवाज ठीक आहे. विहिरीने परत हाक मारली तेव्हा मात्र लाज वाटली, आणि मी इकडेतिकडे बघून खोलीत आलो.

२२ नोव्हेंबर

आज तोंड सुटलं. सकाळी सरांचं पत्र आलं होतं, 'नमुने अपुरे. जास्त जंत मिळवा.' दुकानात गेलो तर नथ्थूभाऊने परत चिंचटोल्याचीच सहा आतडी पुढे केली. बाजाराची गर्दी होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नथ्थूभाऊ, चिंचटोल्याच्या कोंबड्या मला नकोत. यापुढे त्या गावचं काही ठेवू नका."

तो म्हणाला, "काऊन जी?"

मी म्हणालो, "नकोत म्हणजे नकोत," आणि निघून आलो. नंतर वाईट वाटलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण आता निदान कामाची आतडी मिळतील.

२९ नोव्हेंबर

बरी आतडी मिळाली. अर्क जास्त दाट केला. उपयोग शून्य.

बायनाबाई बाजारात होती. तिचं डालगं दिवस मावळेपर्यंत भरलेलंच. उचलून परत घेऊन गेली. कोंबड्यांना भाव नसेल सध्या. मी समोरून गेलो तर तिने जेवलात का म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि बियांच्या पिशवीची गाठ सोडून परत बांधली. तब्येत बरी नसावी.

७ डिसेंबर

सहा डिसेंबरसाठी चंद्रपूरला गेलो होतो, बाबाही आले होते. माझे हात हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "खाणीत पस्तीस वर्षं काढली, पण माहे हात इतके खराब नव्हते झाले." मग विचारलं, "तिथी कोनी हाये का तुले?" मी म्हटलं, आहेत की, शाळेतली माणसं. त्यांनी बसमध्ये बसवून देताना खिडकीतून पेरू दिले.

२० डिसेंबर

लागोपाठ दोन बाजार बायनाबाई आली नाही. बिया दुसरीकडून घेतल्या. त्या बाईने मापात काटछाट केली, वरची मूठ तर नाहीच.

३ जानेवारी १९८७

आजही नाही. नथ्थूभाऊला विचारलं, चिंचटोल्याची बायनाबाई दिसत नाही? तो सुरी पुसत म्हणाला, "येऊन काय करन जी ते? तिचे कोंबडे कोन घेते आता?"

"का? काय झालं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आता तुमीच इचारता का मले?" तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तिथेच राहिलं. या माणसाचं अलीकडे काही कळत नाही.

१९ जानेवारी

उकळलेला अर्क, न उकळलेला अर्क, पातळ, दाट. बशीतले जंत कशालाही दाद देत नाहीत. अडीच वर्षं मी एका म्हाताऱ्या समजुतीच्या मागे धावलो का? सरांना तसं पत्र लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. खरं सांगायचं तर विषय बंद होण्याचं जेवढं भय वाटतं, त्याहून जास्त भय याचं वाटतं की मग रोज नथ्थूभाऊकडे, बाजारात, कुठेही जायचं मला कारणच उरणार नाही.

२७ जानेवारी

परवाची रजा टाकली. चिंचटोल्याला जाऊन येतो. बायनाबाईच्या बिया जुन्या झाडाच्या असतात, त्या पुन्हा एकदा करून पाहाव्यात. एवढ्यासाठीच जातो आहे. हे वाक्य या वहीत कशाला लिहिलं कुणास ठाऊक, इथे तर कुणी तपासत नाही.

२९ जानेवारी

सगळं नीट लिहायला हवं.

पहाटे सायकलने निघालो. चिंचटोल्याला पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. अकरा घरं. प्रत्येक अंगणात एकेक बाई खुराड्यासमोर बसलेली, कुणाच्या हाताशी मडकं, कुणाच्या परात. गावात बोलणं नाही, फक्त आतल्या कोंबड्यांचा दंगा. बायनाबाईचं घर शेवटचं. ती परातीत कनकी कालवत होती. मला बघून दचकली.

"मास्तर? कोनी मेलं का?"

"नाही. तुम्ही बाजारात येत नाही, म्हणून आलो."

ती परत कालवायला लागली. "येऊन काय करू? कोंबडे कोनी घेत नाई."

"का घेत नाही?"

"तुमीच सांगतलं ना नथ्थूले, चिंचटोल्याचे कोंबडे नको म्हून. सारा बाजार आयकला. जो मानूस रोज आतडे चिरून पायते, तोच नको म्हनते, मंग त्याइच्यात काई त रोग असनच. माह्याच नाई, या साऱ्या घरच्या कोंबड्याईले गिऱ्हाईक नाई. एक फिरता येपारी आलता, तो देईल त्या भावानं देल्ले."

मी म्हणालो, "बाई, मी तसं म्हणालो नव्हतो. त्यांच्यात जंत सापडत नव्हते, म्हणून नको म्हणालो."

तिचा हात थांबला. "जंत नाई म्हून नको?"

"हो."

"म्हंजे असते त पाह्यजे होते?"

मी मान हलवली. तिने हात झटकला आणि लहान पोराला समजवावं तसं सावकाश म्हणाली, "त्याइच्यात जंत कुठून येतीन, मास्तर? अवसेले देतो ना आमी. दसऱ्याच्या बाजारात सांगतलं होतं तुमाले. तुमी मान हालवून राह्यलते."

आणि तिने खुराडं उघडलं. आज अमावस्या आहे हे मला तेव्हा कळलं. आंबट ताकात भिजलेल्या बियांचा वास अंगणभर होता. कोंबड्या कनकीवर तुटून पडल्या. मी ओट्यावर बसलो. पाच आणि चार आणि सात. मी ज्याला फुकट गेलेले दिवस म्हणत होतो, तेच अडीच वर्षांत मिळालेलं एकमेव उत्तर होतं, आणि ते मी उकिरड्यावर टाकत आलो. मी पूर्ण वाढलेले जंत काचेत घालून मारायला बघत होतो. या बायका दर महिन्याला जंताला वाढूच देत नाहीत.

मग विचारलं, "तुम्ही मला येऊन का नाही विचारलं, बाई? दोन शिव्या तरी घालायच्या."

ती म्हणाली, "मले वाटलं, मी लय बोलतो, तुमाले तरास होऊन राह्यला. म्हून तुमी तसं केलं." मग आत गेली आणि पेजेचा वाडगा आणून माझ्यासमोर ठेवला. जेवलात का, हे विचारलं नाही. घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

३० जानेवारी

प्रयोगवही पहिल्यापासून चाळली. चिंचटोल्याची एकही नोंद नाही. जंत मिळाले तीच आतडी मी त्यात लिहिली. रिकामी आतडी फक्त या वहीत आहेत, साबण संपल्याच्या आणि कुरकुरीच्या मध्ये. तरी तारखा आहेत, आकडे आहेत. सोळा आतडी, जंत शून्य. त्याच दिवसांत इतर गावच्या दहांपैकी आठ कोंबड्यांत जंत, उरलेल्या दोन आठवणीतून. सगळं सरांना लिहून पाठवलं. पत्र पेटीत टाकून परत आलो आणि कितीतरी दिवसांनी स्वयंपाक केला.

९ फेब्रुवारी

सरांचं उत्तर. 'निरीक्षण रंजक आहे. पण खासगी वहीतल्या तक्रारीला नोंद म्हणत नाहीत. करायचंच असेल तर दोन गावं निवडून, बारा महिने, प्रत्येक कोंबडी प्रयोगवहीत, हे सगळं नव्याने करा. मुदतवाढीचा अर्ज पाठवा. आश्वासन देत नाही.'

सरांचं बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग येतो. अर्ज लिहिला. मिळेल न मिळेल.

पण बारा महिने चिंचटोल्याने काय करायचं? माझा विषय थांबू शकतो. अकरा घरच्या कोंबड्यांना गिऱ्हाईक नाही ते माझ्या एका वाक्यामुळे. परवा शाळेतून परस्पर सायकल काढून चिंचटोल्याला जातो आणि बाईला बाजाराला यायला सांगतो. येईल असं वाटत नाही.

१४ फेब्रुवारी

आली. डालग्यात चारच कोंबड्या आणल्या होत्या, "परत न्याले हलक्या" म्हणून. नथ्थूभाऊच्या दुकानासमोर बसायलाही तयार नव्हती, लांब चिंचेखाली उभी राहिली.

मी नथ्थूभाऊला म्हणालो, "बाईची एक कोंबडी कापा. दुसऱ्या कुठल्याही गावची एक कापा. पैसे मी देतो. आतडी इथे पाटावर ठेवा, सगळ्यांसमोर." तो कामाला लागला. माणसं जमायला वेळ लागला नाही. किडेवाल्या मास्तराला डोकं उरलं नाही, हे बघायला बाजारात सगळ्यांनाच सवड होती.

दुसऱ्या गावची चिरली. पांढऱ्या शेवयांसारखे जंत पाटावर पसरले. पुढचे दोघे मागे सरले. मग बायनाबाईच्या कोंबडीची चिरली, पाणी ओतून धुतली, आडवीतिडवी उघडून दाखवली. स्वच्छ. मी म्हणालो, "मला जंत हवे असतात. चिंचटोल्याच्या कोंबड्यांत ते नसतातच, म्हणून मी नको म्हणालो. यांच्यासारख्या निरोगी कोंबड्या तालुक्यात नाहीत. चूक माझी होती."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "एका कोंबडीनं काय होते, मास्तर?"

बरोबर होतं. सरही हेच म्हणाले असते. म्हणून ही वही काढली. जिच्यात कुणीच बघणार नव्हतं ती, बाजारात उभा राहून मोठ्याने वाचायला लागलो. "अठरा ऑक्टोबर. पाच आतडी, पाचही चिंचटोल्याची, एकही जंत नाही." पान उलटलं. "आठ नोव्हेंबर. चार आतडी, जंत नाही." नथ्थूभाऊ मोठ्याने म्हणाला, "खरं हाये, मीच ठेवले होते." बायनाबाई चिंचेखालून पुढे येत होती. "पंधरा नोव्हेंबर. सात आतडी, सगळी चिंचटोल्याची, जंत एकही नाही. फुकटची मेहनत."

वाचण्याच्या भरात थांबायला हवं होतं तिथे थांबलो नाही. "बाजारात बायनाबाई आली होती. आज मी खरंच जेवलो नव्हतो आणि तसं सांगितलं. तिने पदराच्या गाठीतले फुटाणे काढून दिले. आठवड्याभरात माझ्याशी कामाशिवाय बोललेलं तेवढं एकच माणूस."

तेव्हा कळलं मी काय वाचतोय. वही मिटली. वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. नथ्थूभाऊ खाली बघून पाट धूत होता.

बायनाबाईने डालगं खाली ठेवलं आणि माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. मला आजवर ती मास्तर म्हणत आली, तुमी म्हणत आली.

"वाच ना, बापू," ती म्हणाली. "काऊन थांबला तू?"

मी वही उघडली. पुढच्या पानावर कोंबड्यांचं काहीच नव्हतं. विहिरीत वाकून स्वतःचं नाव घेतलं तो रविवार होता. तो वाचला.